डावखुरा एकच

डोंबिवली पश्चिम
८ नोव्हेंबर १९८७

पोपट,

आधी ‘प्रिय’ लिहिलं, मग खोडलं. खोडलेलं दिसायला लागलं म्हणून नवा कागद घेतला. तेव्हा नुसता पोपट.

दोन वर्षांत मी तुला पत्र टाकलं नाही, तूही मला टाकलं नाहीस, म्हणजे आपली फिट्टंफाट. त्याबद्दल भांडायला हे लिहीत नाही. भांडायचं असतं तर एवढा कागद पुरला नसता.

काम साधं आहे. आमच्या रतनच्या हाताला थोडं लागलंय. काळजीचं काही नाही. कारखान्यात लागलं, पट्टी बांधलीय, रजेवर आहे. घरात बसून बसून वैतागलाय आणि आम्हालाही वैताग आणतोय. त्याचं मन जरा रमावं म्हणून म्हटलं तुला विचारावं.

तुम्ही गेल्यापासून कोर्ट बंदच आहे. तुमच्या तळमजल्याच्या खोलीत आता पिठाची गिरणी आलीय. जिथे दर रविवारी दुपारी तुम्ही तिघं जगातला सगळ्यात मोठा गिटारवाला कोण म्हणून एकमेकांच्या नरड्याला लागायचात, तिथे आता बाजरी दळून मिळते. आई म्हणते, आवाज पूर्वीपेक्षा कमी आहे.

रतनचा जिमी हेंड्रिक्स, नाथाचा डेव्हिड गिलमोर, तुझा टोनी आयोमी. तीन अशिलं, तीन वकील आणि न्यायाधीश कोणीच नाही, म्हणून निकालही कधी लागला नाही. एकदा अशील घेतलं की मरेपर्यंत सोडायचं नाही, आणि ‘मान्य’ हा शब्द कोर्टात बंद. चुकून ज्याच्या तोंडून निघेल त्याने टेपरेकॉर्डरचे सेल आणायचे. मी दाराशी बसून काज करायची. मला कोणी कधी मत विचारलं नाही, पण तुमचे सगळे मुद्दे मला आजही पाठ आहेत.

त्या वेळच्या कॅसेट तुझ्याकडेच आहेत. एखादी पाठव. सोबत रतनला चार ओळी लिही. गोड लिहू नकोस. नेहमीसारखं लिही, हेंड्रिक्सची लाज काढणारं.

काकांना नमस्कार. त्यांचे गुडघे कसे आहेत?

नंदा


१९ नोव्हेंबर १९८७

पोपट,

उत्तर आलं नाही. पोस्टमनला इतक्यांदा विचारलं की आता तो मला बघून जिन्यातच वळतो.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. रतनला थोडं लागलेलं नाही. मानपाड्याला ज्या कारखान्यात तो प्रेसवर होता, तिथे माल लवकर निघावा म्हणून मशीनवरचा हात वाचवायचा गार्ड काढून ठेवलेला. पत्रा आत सरकवताना हात आत राहिला. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, दोन्हींचं वरचं पेर गेलं. हात डावा. गिटारच्या तारा दाबायचा हात.

लिहिलं एकदाचं.

जखम भरतेय. डॉक्टर म्हणाले, जिवावरचं बोटांवर निभावलं. आई ते ऐकून देवासमोर दिवा लावते. मी लावत नाही, मला अजून देवाचा राग आहे.

पण खरं दुखणं हाताचं नाही. रतन बोलत नाही. म्हणजे हो म्हणतो, नाही म्हणतो, पाणी मागतो. पण आपला रतन, जो गिटारच्या एका तुकड्यावर तासभर बडबडायचा, आईने जेवायला हाक मारली तर ‘थांब, हे ऐक’ म्हणून तिलाच धरून बसवायचा, तो बोलत नाही. आमच्यात जेवायला बसत नाही. हात कायम टॉवेलमध्ये गुंडाळलेला असतो, घरातसुद्धा, आमच्यापासूनसुद्धा.

तू म्हणशील, मला कशाला सांगतेस. कारण तुमच्या घरात असा एक हात आहे आणि तुम्ही त्याच्याबरोबर हसतखेळत राहिलात. आमच्या घरात अशा हाताशी कसं वागायचं ते कोणालाच येत नाही. आई त्याच्याकडे बघून रडते आणि मी बघायचंच टाळते.

तो रविवार मी विसरलेले नाही, मी तिथेच होते. तू नेहमीचं सांगत होतास. आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता, मशीनमध्ये उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली, त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वरून चामडं लावलं आणि तरी गिटार वाजवली. तुझ्याकडच्या फोटोत तो डाव्या हाताने वाजवताना दिसायचा, पण ते कोणी मोजत नव्हतं, कारण रतनने सांगून टाकलं होतं की फोटो उलटा छापलाय. स्टेशनबाहेरच्या पोस्टरवाल्याकडून आणलेला क्लॅप्टन, तोही गिटारवालाच, तसाच उलटा निघालेला, मागच्या ड्रमवरची अक्षरंसुद्धा आरशातली. शिवाय रतनचं ब्रीद होतं, डावखुरा एकच, आमचा हेंड्रिक्स. दुसरा डावखुरा त्याला परवडणारच नव्हता.

म्हणून तो म्हणाला, “उजव्या हाताची गेली ना? मग पिक धरायची गेली, तारा छेडायची. पिक धरायला अंगठा आणि एक बोट बस झालं. तुटकी बोटं दाखवून नंबर लागत नाही पोपट, हे काय रेशनचं दुकान आहे काय?”

नाथा हसला. आणि नेमके तेव्हाच काका भज्यांची ताटली खाली ठेवत होते, त्यांच्या त्या हाताने.

काकांनी मनाला लावून घेतलं नाही. “खा रे, गार होतील,” एवढंच म्हणाले. तू लावून घेतलंस. “ज्या टेपवर तू इतकी वर्षं फुकट ऐकतोयस ना, तो माझ्या बापाच्या या बोटांच्या भरपाईतून आलाय,” म्हणालास आणि टेपरेकॉर्डर उचललास, वायर लोंबत होती. दारात पोचल्यावर अजून काहीतरी बोललास. ते असो. महिन्याभरात तुम्ही खोली सोडून ठाण्याला गेलात.

टेपरेकॉर्डर आठवणीने नेलास आणि मला विसरलास. दिवाळीनंतर दोन्ही घरी सांगायचं ठरलं होतं आपलं, की तेही माझ्याच डोक्यात होतं?

हे पत्र त्यासाठी नाही. रतनला लिही. एक ओळ लिही.

नंदा


२८ नोव्हेंबर १९८७

पोपट,

अजून काही नाही. तू मेलेला नाहीस हे मला माहीत आहे. गिरणीवाल्याच्या भावाने तुला ठाण्याला कोर्टनाक्यावर चहा पिताना पाहिलं.

परवा नाथा आला होता, ओले बोंबील घेऊन. रतनच्या खाटेच्या कडेला बसला आणि खूप वेळ बोटं मोडत राहिला. मग त्याला लक्षात आलं की आपण बोटं मोडतोय, आणि त्याने हात मांडीखाली घातले. शेवटी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, “रतन, मी काय बोलतो, हेंड्रिक्सच पयला. मान्य. गिलमोर त्याच्या मागं.”

मी चहा घेऊन दारात उभी होते. हाच नाथा गिलमोरसाठी तुमच्या अंगावर धावून जायचा. “आमच्या खाडीला भरती येतं ना, तसा यो वाजवतं, तुमचा तो नुसता फटाके फोडतं,” म्हणायचा. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून ‘मान्य’ निघालं नव्हतं. बिचाऱ्याला वाटलं, आपण मित्राला मोठी भेट दिली.

रतनने त्याच्याकडे पाहिलं. मी तसं बघणं त्याच्या डोळ्यांत कधी पाहिलेलं नाही. मग त्याने भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाला, “गिटार घेऊन जा. खाडीत टाक.”

नाथाने नेली. खाली उतरल्यावर मला म्हणाला, “टाकनार नाय मी, मोठागावला घरी जाल्याखाली ठेवतं. पन नंदे, त्याचं डोलं मना बरं वाटंत नाय गो.”

मलाही बरे वाटत नाहीत. संध्याकाळी तो खाडीकाठी रेतीबंदरावर जाऊन बसतो. मी भाजी आणायच्या निमित्ताने मागे जाते. रोज कोण एवढी भाजी आणतं? घरात दुधी सडायला लागलेत. काल त्याने नाथाला विचारलं, भरतीला इथे पाणी किती असतं. नाथाने सांगितलं नाही, विषय बदलला, आणि मग घरी येऊन मला सांगितलं.

मला भीती वाटते पोपट. पत्रात लिहायला नको अशी भीती वाटते.

सगळे त्याला हो म्हणतात आता. आई हो म्हणते. मी हो म्हणते. कारखान्यातली माणसं फळं घेऊन येतात आणि तीही हो म्हणतात. काल मी मुद्दाम हेंड्रिक्सबद्दल वेडंवाकडं बोलून पाहिलं, तर तो माझ्याकडे बघून इतकं केविलवाणं हसला की मीच उठून गेले. मला भांडता येत नाही. मला नुसते मुद्दे पाठ आहेत.

त्याला भांडणारा माणूस हवाय. असा माणूस एकच आहे आणि तो ठाण्याला तोंड शिवून बसलाय.

नंदा


५ डिसेंबर १९८७

पोपट,

हे बसून वाच.

आज दुपारी मी काज करायला दोन कपडे घेतले होते, एक पुरुषाचा शर्ट आणि एक ब्लाऊज. दोरा संपला म्हणून मशीनचा ड्रॉवर उपसला. तळाशी तुझा आयोमीचा फोटो आहे, त्या रविवारी भिंतीवर राहिलेला. तो माझ्याकडे कसा आला ते विचारू नकोस.

फोटोत त्याने पुढून बटणं लावलेला शर्ट घातलाय. पुरुषांच्या शर्टाची डावी पट्टी वर येते, काजं डावीकडे आणि बटणं उजवीकडे. बायकांचं नेमकं उलट. रतन म्हणाला तसा फोटो उलटा छापलेला असता तर तो शर्ट बायकांसारखा बंद झालेला दिसला असता. तसा तो दिसत नाही. डावी पट्टी वर आहे. मी फोटो खाली ठेवला, परत उचलला, माझ्या मांडीवरच्या शर्टाशी लावून पाहिला. मग धावत जाऊन रतनच्या भिंतीवरचा तो उलटा क्लॅप्टन पाहिला. त्याचा शर्ट बायकांसारखा बंद झालाय!

म्हणजे तुझा फोटो सरळ आहे. आयोमी खरंच डावखुरा आहे. म्हणजे तो तारा दाबतो उजव्या हाताने. म्हणजे मशीनमध्ये गेली ती पिक धरायची बोटं नाहीत, तारा दाबायचीच बोटं आहेत. मधली दोन. रतनची गेली तीच दोन.

आणि टोप्या! पिक धरायला टोप्या कशाला लागतील रे? तारा दाबताना टोचतं म्हणून टोप्या. हे तुझ्याही डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही. तुम्ही तिघं ओरडत होतात, मी काजं करत होते, आणि फोटो आपल्या डोक्यावर टांगलेला होता.

मी फोटो घेऊन रतनकडे गेले. धाप लागली होती, धड सांगताही येत नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं, फोटोकडे पाहिलंसुद्धा. मग म्हणाला, “तूपण ताई? मला बरं वाटावं म्हणून अजून काय काय शोधून काढणार आहात सगळे?”

त्याला वाटलं मी रचून सांगतेय. आईच्या जुन्या पर्सचं चामडं कापून मी दोन टोप्या शिवल्या, शिवताना आपण अंगुस्तान घालतो तशा, अंदाजाने. त्याने त्या हातातही घेतल्या नाहीत. खाटेखाली गेल्या.

माझं तो मानणार नाही, कारण मी त्याची बहीण. तुझं मानेल, कारण तू त्याचा वैरी. त्याच्या भल्यासाठी तू आयोमीचं नाव एकदाही घेतलेलं नाहीस. तू येऊन त्याच्या छातीवर बसून म्हणालास की रतन, तू हरलास, माझा माणूस डावखुरा आहे, तर त्याला ते खरं वाटेल. त्याला हरव पोपट. तो हरला तरच त्याला वाजवता येईल.

आता ते दारातलं. मी तीन पत्रांत ते टाळलं, तुला आठवण नको म्हणून. वेडीच मी. तुला ते रोज आठवत असणार. तू म्हणाला होतास, “तुझी तुटली म्हणजे कळेल.”

म्हणूनच लिहीत नाहीस ना? मी तुझ्यावर खापर फोडत नाही. आई एकदा बोलून गेली की कुणाची तरी जीभ लागली, आणि मी तिला गप्प केलं. रतनने ते ऐकलं का, मला माहीत नाही. तो हल्ली काय ऐकतो आणि काय नाही ते कळतच नाही.

तुझी जीभ लागली असं तुला वाटत असेल, तर तीच जीभ घेऊन ये. मी अजून किती सांगू? मला आणखी शब्द येत नाहीत.

नंदा


११ डिसेंबर १९८७

पोपट,

काल मी ठाण्याला आले होते. तुला कळलंच असेल.

आईला सांगितलं, अस्तराचं कापड बघायला जाते. खरं कारण असं की परवा नाथाने रतनला गुडघाभर पाण्यातून ओढून काढलं. रतन म्हणाला, पाय घसरला. चपला मात्र काठावर जोडीने काढून ठेवलेल्या होत्या. नाथा त्या हातात घेऊन आमच्या दारात आला आणि कोनाड्यात ठेवून गेला. आईला मी काही सांगितलेलं नाही. तुला सांगतेय.

खोपटला तुझी चाळ विचारत विचारत आले. तू कामावर होतास. काकांनी दार उघडलं आणि मला बघून त्यांना इतका आनंद झाला की मला तिथेच रडू फुटलं. टेबलावर टेपरेकॉर्डर होता, त्याच्याखाली माझी पत्रं. सगळी फोडलेली, घडीवर मळलेली. म्हणजे तू वाचतोस, पुन्हा पुन्हा वाचतोस, आणि परत टेपरेकॉर्डरखाली ठेवून कामाला जातोस. तू वाचलीच नाहीत असं निघालं असतं तर मी तुला माफ केलं असतं.

आणि काकांना तू अवाक्षर सांगितलं नव्हतंस. मी सांगितलं. सगळं, चपलांपर्यंत. ते खुर्चीत बसले. त्यांनी एकच विचारलं, “कुठला हात?”

मी म्हटलं, डावा.

त्यांनी स्वतःचा डावा हात मांडीवर उघडून ठेवला आणि बघत राहिले. “मला कुणी सांगितलं का नाही गं पोरी?” म्हणाले. “पोपट जेवत नव्हता, तर मला वाटलं पोटाचं काही असेल.”

मग उठून त्यांनी मला चहा करून दिला, ऐकलंच नाही. निघताना म्हणाले, “रविवारी येतो. कोर्टाचा वार ना तुमचा?”

तू येशील की नाही हे मी विचारलं नाही. ‘नाही’ ऐकून परतीच्या बसमध्ये चढायची ताकद माझ्यात नव्हती.

नंदा


१३ डिसेंबर १९८७, रविवार
घरातून

पोपट,

या पत्राला तिकीट नाही. नाथा हे खाली तुझ्या हातात आणून देईल. कागद म्हणून ब्लाऊजचं माप कापायचा कागद घेतलाय, वाचताना उलटसुलट करावा लागेल.

तू खाली रिक्षात आहेस हे मला कळलंय. गॅलरीतून टप दिसतोय आणि तुझा एक पाय बाहेर आलेला दिसतोय. तो सारखा हलतोय. शीळफाट्यावरून धूळ खात इथवर आलास आणि जिना चढवत नाही तुला?

वर काय झालं ते सांगते, मग तुझं तू ठरव.

काका आले, रतनच्या खाटेवर बसले. देवाचं नाव घेतलं नाही, कारखान्याला शिव्या दिल्या नाहीत. “टॉवेल काढ, मापं घेऊ,” म्हणाले. रतनने मान फिरवली. काकांनी स्वतःचा हात पुढे केला, “माझी तीन गेली, तुझी दोनच. माझ्यापुढे तू कच्चाच आहेस अजून.” मग काकांनी उजवा हात पुढे केला, बाहीचं बटण उघडं होतं. “एवढं एक मला या डाव्याने अजून जमत नाही. सकाळी पोपट लावून देतो. आज भांडून निघालोय, तर राहिलं. लाव बघू.”

मी पुढे झाले. काकांनी डोळे वटारले, मी मागे झाले.

रतनने टॉवेल सोडला. आमच्यासमोर पहिल्यांदा सोडला. ते बटण लावायला त्याला फार वेळ लागला पोपट. एकदा निसटलं. एकदा कळ येऊन त्याने डोळे मिटले. आई स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून उभी होती. शेवटी लागलं. काकांनी बाही झटकून पाहिली आणि म्हणाले, “पोपटपेक्षा बरं लावलंस.”

मग त्यांनी खाटेखाली हात घालून मी शिवलेल्या टोप्या काढल्या. स्वतःच्या बोटावर चढवून पाहिल्या, बसल्या नाहीत. म्हणाले, “ते फोटो सरळ की उलटा, मला काय त्यातलं कळत नाय. टोपीचं कळतं. या टोकाला नुसती गार वाटी लागली तरी डोक्यात कळ जाते. ज्या बोटाने काम करायचं त्यालाच माणूस टोपी घालतो रे. रिकाम्या बोटाला कोण कशाला घालेल?”

रतन टोप्यांकडे बघत राहिला. मग मी ठेवलेल्या फोटोकडे. मग म्हणाला, “म्हणजे दोन डावखुरे?” आणि त्याचं तोंड असं झालं, जणू कोणी त्याच्या ताटातली मच्छी उचलली. पोपट, तो चिडला! इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा चिडला.

मग त्याने विचारलं, “पोपट कुठाय?”

काका म्हणाले, “खाली. म्हणतो, माझ्या जिभेने झालं, कुठल्या तोंडाने वर येऊ.”

रतनने हात परत टॉवेलमध्ये घातला. मला वाटलं, आता परत भिंत. पण तो म्हणाला, “त्याच्या जिभेत एवढी ताकद असती ना काका, तर आयोमी कधीच पहिला आला असता. गार्ड काढलेला होता, म्हणून झालं.” आणि मग माझ्याकडे बघून, “त्याला सांग, डावखुरे दोन असले तरी पहिला हेंड्रिक्सच.”

मी लगेच हा कागद घेतला.

तुला खोटं सांगणार नाही. तो बरा झालेला नाही. हात परत टॉवेलमध्ये गेलाय. गिटारचं नाव काढलेलं नाही. उद्या संध्याकाळी तो खाडीवर जाणार नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण आत्ता या क्षणी तो भिंतीकडे नाही, दाराकडे तोंड करून बसलाय आणि मनात मुद्दे जुळवतोय. मला कळतं, मी त्याची बहीण आहे. तो फार वेळ असा बसणार नाही. काका आहेत, नाथा आहे, पण त्यातलं कोणी भांडू शकत नाही.

माझंही तुझ्याकडे काही येणं आहे, ते मी सोडलेलं नाही. तू दारातून गेलास तेव्हा माझ्या हातातली सुई बोटात रुतली होती आणि मी अजूनही तुझ्याच नावाने चिडते, अजूनही तुझीच वाट बघते. पण ते आपण नंतर बघू. आधी त्याचं.

वर ये. तो चुकलेला आहे, त्याला चूक म्हण. त्याच्या हाताकडे नीट बघ आणि तरीही म्हण. रडू नकोस, माफी मागू नकोस, त्याला बरं वाटावं म्हणून एक शब्दही बोलू नकोस. आणि तो कितीही ओरडला, कितीही थकलेला दिसला, तुझं काळीज कितीही तुटलं, तरी पोपट, तुझ्या पाया पडते, ‘मान्य’ म्हणू नकोस.

नंदा